खेड लोकसभा मतदारसंघ : नाव गेलं, प्रश्न राहिला

आज आपण अशा एका मतदारसंघाबद्दल बोलणार आहोत जो आता अस्तित्वात नाही. पण या सभागृहात जे चाळिशी ओलांडलेले आहेत आणि तेव्हापासून याच भागात राहतात, त्यांनी लोकसभेचं पहिलं मतदान बहुतेक त्याच मतदारसंघात केलेलं आहे. खेड लोकसभा मतदारसंघ. कोकणातलं खेड नव्हे, आपलं भीमेकाठचं खेड. हुतात्मा राजगुरूंच्या नावावरून ज्याचं राजगुरुनगर झालं, तरी बाजाराला जाणारा माणूस अजून ज्याला खेडच म्हणतो, ते.

१९५७ ते २००४ या काळात या मतदारसंघात तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. दहा माणसं निवडून गेली. नऊ वेळा काँग्रेस, एकदा राष्ट्रवादी आणि तीन वेळा भलतंच कुणीतरी. २००८ मध्ये पुनर्रचना झाली आणि खेड हे नाव लोकसभेच्या यादीतून पुसलं गेलं. एवढं सांगून आम्ही खाली बसलो तरी माहिती म्हणून ती पुरी होईल. पण आम्हाला या यादीत दुसरंच काहीतरी दिसतं. या पन्नास वर्षांत याच मतदारसंघाच्या पोटात देशातलं एक मोठं औद्योगिक शहर वाढलं, आणि मतदारसंघाला त्याची दखल घ्यायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला. दखल घेतली तीही कशी, ते शेवटी बघू.

असं फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. ज्यांच्याकडून आपण ही पद्धत घेतली त्या इंग्लंडात हे फार आधी घडलं. सॅलिसबरीजवळ ओल्ड सॅरम नावाची एक टेकडी होती. गाव केव्हाच उठून गेलेलं, पण पार्लमेंटात तिथले दोन सभासद मात्र बसत होते. त्याच वेळी मँचेस्टर, जिथे कापडाच्या गिरण्या धडधडत होत्या, त्या शहराला स्वतःचा एकही सभासद नव्हता. तिथल्या माणसाकडे पुरेशी जमीन असेल तर तो लँकेशायर परगण्याचा मतदार म्हणून मत देऊ शकायचा, बस्स. १८३२ च्या कायद्याने ओल्ड सॅरम गेलं आणि मँचेस्टरला दोन जागा मिळाल्या. आपल्याकडे प्रत्येकाला मत आहे, ही फार मोठी गोष्ट आणि ती आधीच कबूल करायला हवी. खेड हे काही ओल्ड सॅरम नव्हतं, तिथे भरपूर माणसं होती आणि आहेत. पण पिंपरी-चिंचवडची गत थोडीशी मँचेस्टरसारखी झाली. परगण्यात मत होतं, शहर म्हणून नव्हतं.

आता सुरुवातीपासून येऊ.

१९५७ ची निवडणूक म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची निवडणूक. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. पुण्यात ना. ग. गोरे निवडून आले. आणि खेडमधून कोण आलं? शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके. हे नाव आज इथल्या किती जणांना माहीत आहे? आमच्या मते या सगळ्या यादीत सर्वात विसरलं गेलेलं आणि सर्वात लक्षात ठेवावं असं नाव हेच आहे. डॉ. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चं. त्यानंतर तीनेक महिन्यांत ही निवडणूक झाली, आणि बाबासाहेबांच्या पक्षाचा माणूस खेडसारख्या ग्रामीण भागातून दिल्लीला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात फेडरेशनची जागा रिपब्लिकन पक्षाने घेतली. म्हणजे फेडरेशनच्या शेवटच्या खासदारांपैकी हे एक. बाबासाहेबांचा या टापूशी संबंध जुना. तळेगावला त्यांचा बंगला, आणि देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ ला त्यांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केलेली. समितीच्या लाटेत कुणीही निवडून आलं असतं असं काही जण म्हणतात. असेलही. पण लाटेत उमेदवारी कुणाला मिळते आणि शेतकरी समाज कुणाला मत देतो, हेसुद्धा इतिहासात मोजायला हवं.

१९६२ ला जागा काँग्रेसकडे गेली, रघुनाथ केशव खाडिलकरांकडे. गंमत अशी की हे खाडिलकर १९५७ ला अहमदनगरमधून निवडून आले होते ते काँग्रेसच्या विरोधात, मजदूर किसान पक्षाचे म्हणून. महाराष्ट्र झाला, यशवंतरावांनी दारं उघडली आणि डावीकडची बरीच मंडळी काँग्रेसच्या वाड्यात आली. त्यांतले हे एक. १९६७ ला ते खेडमधूनच पुन्हा आले आणि लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. १९७१ ला बारामतीतून लढले, जिंकले आणि पुढे केंद्रात कामगार खात्याचे मंत्री झाले. कामगारांचं शहर ज्या मतदारसंघात उभं राहत होतं तिथला खासदार कामगारमंत्री झाला, पण तोपर्यंत मतदारसंघ बदललेला.

कारण याच काळात इथे काय चाललं होतं बघा. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ ची. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. ४ मार्च १९७० ला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं मिळून नगरपालिका झाली. १९७२ ला नवनगर विकास प्राधिकरण आलं. सातारा, सांगली, खानदेश, मराठवाडा, पुढे उत्तर भारत, सगळीकडून माणूस येऊ लागला. १९७१ च्या जनगणनेत मात्र नगरपालिकेची लोकसंख्या लाखाच्या आत होती. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७१ ला खेडमधून अनंतराव पाटील आले. 'विशाल सह्याद्री' या दैनिकाचे संपादक, काँग्रेसचे. मग आली १९७७ ची निवडणूक. आणीबाणीनंतरची. पुण्यात मोहन धारिया जनता पक्षाकडून जिंकले. बारामतीत संभाजीराव काकडे, तेही जनता. जिल्ह्यातल्या तीन जागांपैकी काँग्रेसने राखली ती एकच, खेडची, आणि ती राखणारे होते अण्णासाहेब मगर. मगर हडपसरचे, हवेलीच्या राजकारणातले आणि पिंपरी-चिंचवड नगरपालिकेचे पहिले नगराध्यक्ष. नेहरूनगरचं स्टेडियम त्यांच्या नावाचं आहे. पुणे शहर फिरलं, बारामती फिरली आणि खेड का फिरलं नाही, याचं कारण आम्हाला तरी उमेदवारात दिसतं. हवेलीतली गावकी आणि नव्या नगरीतला कारखानदार, दोघांशीही बोलता येणारा माणूस त्या काळी दुसरा नव्हता. गावांच्या जमिनी जात होत्या, रस्ते यायचे होते, पाणी यायचं होतं. लोकांनी इंदिराबाईंकडे बघून नाही, अण्णांकडे बघून मत दिलं.

१९८० आणि १९८४, दोन्ही वेळा प्रा. रामकृष्ण मोरे. चिंचवडचं नाट्यगृह ज्यांच्या नावाचं आहे तेच. पुढे १९९९ नंतर ते राज्याचे शालेय शिक्षणमंत्री झाले आणि पहिलीपासून इंग्रजी आणलं. त्यावर तेव्हा किती वाद झाला! आज ज्यांची मुलं त्या निर्णयानंतर शाळेत गेली ते सगळे इथे बसलेत, त्यामुळे त्या वादात आम्ही शिरत नाही. आपल्यापुरतं एवढंच की खेडच्या दहा खासदारांत या शहराचं राजकारण आतून ओळखणारे म्हणता येतील असे दोनच, मगर आणि मोरे. १९७७ पासून १९८९ पर्यंतचा तो काळ. ११ ऑक्टोबर १९८२ ला महापालिका झाली तीही याच काळात.

इथे जरा थांबून मतदारसंघाचा नकाशा डोळ्यांपुढे आणू. १९७६ च्या आदेशानंतर खेड लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ होते. जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, मावळ, मुळशी आणि हवेली. उत्तरेला माळशेजचा घाट, पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि दक्षिणेला पुणे शहराची वेस. जुन्नरचा द्राक्षवाला, मंचरच्या बाजारातला बटाटेवाला, चाकणचा कांदेवाला, मावळचा भातवाला आणि टेल्कोच्या पहिल्या पाळीला निघालेला फिटर, सगळे एकाच खासदाराचे मतदार. सहापैकी शहर म्हणून जे काही होतं ते जवळजवळ सगळं एका हवेलीत.

त्या वेळी हा हिशेब बरोबरच होता. १९७१ ची महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी पुढे. तिला २८८ आमदारांनी भागा, एका आमदारामागे पावणेदोन लाख येतात. नगरपालिकेत लाखसुद्धा माणूस नव्हता. म्हणजे अर्धा मतदारसंघ. हवेलीत तो मावला. पण आणीबाणीत झालेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या, २००० नंतरच्या जनगणनेपर्यंत. हेतू वाईट नव्हता. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट राबवलं त्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा मुद्दा रास्त आहे. पण राज्यांमधला तोल सांभाळताना राज्याच्या आतल्या सीमाही जागच्या जागी राहिल्या. आणि शहर काही थांबलं नाही. १९९१ ला पाच लाखांच्या पुढे. २००१ ला सुमारे दहा लाख. तीस वर्षांत दहापट, आणि आमदार मुख्यतः एकच, हवेलीचा. राज्यातल्या सर्वात अवजड मतदारसंघांत हवेलीचं नाव घेतलं जायचं ते यामुळे. २००१ ला राज्यात एका आमदारामागे सरासरी तीन लाख छत्तीस हजार लोक येतात. म्हणजे निगडी-भोसरीच्या माणसाच्या मताचं वजन राज्यातल्या सरासरी मतदाराच्या एकतृतीयांशावर आलं होतं. त्याने मोर्चा काढला नाही, कारण त्याला ते दिसत नव्हतं. शाई बोटाला तेवढीच लागते.

आता १९८९. त्या सप्टेंबरात टेल्कोच्या कामगारांनी राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यासमोर उपोषण मांडलं, आणि महिनाअखेरीस एका मध्यरात्रीनंतर पोलिसांनी हजारो कामगारांना गाड्यांत भरून उचलून नेलं. मुख्यमंत्री शरद पवार होते. दोनच महिन्यांत, नोव्हेंबरात, लोकसभेची निवडणूक झाली आणि खेडमध्ये १९६२ नंतर पहिल्यांदा काँग्रेस पडली. जनता दलाचे किसनराव बाणखेले निवडून आले. हे दोन प्रसंग एकमेकांना जोडायचा मोह होतो. अनेक जण जोडतातही. आम्ही जरा सावध आहोत. बाणखेले आंबेगावचे, मंचरचे. सरपंचापासून चढत आलेला, आमदारकी केलेला, साधा आणि गावोगाव 'अण्णा' म्हणून ओळखला जाणारा माणूस. देशभर बोफोर्सचा गलबला होता. कामगाराचा राग हवेलीत होता खरा, पण हवेली म्हणजे सहातली एक. शिवाय त्या कामगारांतल्या कितीतरी जणांचं नाव मतदार यादीत इथे नव्हतंच. ते होतं कराडच्या, बीडच्या, भुसावळच्या गावी. भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस रेशनकार्ड गावचं ठेवायचा आणि मतही गावचंच. निवडणुकीला एसटी पकडून गावी जाणारे कामगार आपल्यातल्या जुन्या लोकांनी पाहिलेत. देशभर गाजलेला संप ज्या शहरात झाला, त्या शहराच्या संतापाला स्वतःची अशी जागाच नव्हती. तो अण्णांच्या मंचरी मतांत मिसळून गेला.

त्यानंतरची पंधरा वर्षं आम्ही भराभर पुढे जाणार आहोत, कारण ती एकाच सुरातली आहेत. १९९१ ला विदुरा नवले, ज्यांचं नाव संत तुकाराम साखर कारखान्याशी जोडलेलं. १९९६ ला जुन्नरचे निवृत्तीशेठ शेरकर, विघ्नहर कारखान्याचे संस्थापक. १९९८ ला काँग्रेसकडून आणि १९९९ ला राष्ट्रवादीकडून अशोक मोहोळ, मुळशीच्या मोहोळ घराण्यातले. गावांच्या बाजूचं नेतृत्व साखर, सहकार आणि घराणं यातून येत होतं, त्यात वावगं काही नाही. तिकडे संघटना होती, सभासद होते, ऊस कुणाचा आधी तोडायचा हे ठरवणारं कार्यालय होतं. शहराकडे असं काही नव्हतं. कामगार संघटना कंपनीच्या दारापाशी संपत होत्या. नाही म्हणायला १९९० आणि १९९५ ला हवेलीतून शिवसेनेचे गजानन बाबर आमदार झाले. बाहेरून आलेल्या माणसाचं मत शाखेच्या फलकाखाली गोळा होऊ लागलं होतं, त्याची ती पहिली खूण.

२००४ ला खेडची शेवटची निवडणूक झाली. शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील जिंकले. आंबेगावातल्या लांडेवाडीचे, पण ओळख उद्योजक म्हणून. पवारांच्या वर्तुळातून बाहेर पडून सेनेत गेलेले. गाव आंबेगावात, धंदा कारखानदारीचा आणि पक्ष शहरी वळणाचा. मतदारसंघ मोडायच्या आधी त्याचे सगळे धागे एका माणसात आले असं म्हणायला हरकत नाही. महापालिका त्याच वेळी राष्ट्रवादीकडे होती आणि पुढेही २०१७ पर्यंत राहिली. लोक वेडे नव्हते. नळाच्या पाण्यासाठी एक कारभारी आणि दिल्लीसाठी दुसरा, हा हिशेब ते पक्का करत होते.

आणि मग २००८ ची पुनर्रचना, २००१ च्या जनगणनेवर. विधानसभेत शहराला न्याय मिळाला. दहा लाख भागिले तीन लाख छत्तीस हजार, तीन जागा : पिंपरी, चिंचवड, भोसरी. पिंपरी अनुसूचित जातींसाठी राखीव. हवेली हे नाव गेलं, मुळशीही गेलं.

लोकसभेला मात्र काय झालं? खेडचे तुकडे झाले. जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी आणि भोसरी यांना शिरूर आणि हडपसर जोडले, त्याचं नाव शिरूर. मावळ, चिंचवड आणि पिंपरी यांना घाटाखालचे कर्जत, उरण आणि पनवेल जोडले, त्याचं नाव मावळ. म्हणजे महापालिका एक, आयुक्त एक आणि खासदार दोन. पिंपरीचा माणूस उरणच्या मच्छीमाराबरोबर मत देतो आणि त्याचा भोसरीतला भाऊ जुन्नरच्या बागायतदाराबरोबर. चाकण, जिथे आज गाड्यांचे मोठमोठे कारखाने आहेत आणि जिथले बरेच कामगार राहतात भोसरी-मोशीत, ते शिरूरमध्ये. आकुर्डीची वाहन कारखानदारी मावळमध्ये.

आमचं म्हणणं असं की हे टाळता येण्यासारखं होतं. लोकसभेला सहा विधानसभा लागतात. पिंपरी, चिंचवड, भोसरी, त्यांना लागून मावळ, त्याला लागून खेड-आळंदी. पाच तर सरळ हाताशी होत्या. सहावी शोधावी लागली असती आणि मग उत्तरेच्या जुन्नर-आंबेगावचं काय करायचं हा प्रश्न आला असता, हे मान्य आहे. जिल्ह्याची बेरीजही जुळायला हवी. कुणी कट करून शहर फोडलं असं आम्ही म्हणत नाही. पण घाट ओलांडून पनवेल जोडायचं आणि नाशिक रस्त्याच्या अलीकडचं-पलीकडचं तोडायचं, हे कागदावर सोयीचं असलं तरी जमिनीवर विचित्र आहे.

पुढचं तुम्ही पाहिलंय. २००९ ला मावळात गजानन बाबर, त्यांनी माजी महापौर आझम पानसरेंना हरवलं. २०१४ ला थेरगावचे श्रीरंग बारणे. त्या वेळी लक्ष्मण जगताप शेकापच्या पाठिंब्यावर उभे होते आणि राष्ट्रवादीने मुंबईहून राहुल नार्वेकरांना आणलं होतं. २०१९ ला बारणेंनी पार्थ पवारांना दोन लाखांहून जास्त मतांनी पाडलं. २०२४ ला पुन्हा बारणे, समोर संजोग वाघेरे, तेही पिंपरीचेच. म्हणजे नाव मावळ, पण खासदार तिन्ही-चारी वेळा शहरातला. खेडच्या काळात हे स्वप्नात आलं नसतं. तिकडे शिरूरला २००९ ला आढळरावांनी भोसरीच्या विलास लांडेंना हरवलं, २०१९ आणि २०२४ ला अमोल कोल्हेंनी आढळरावांना. तिथे प्रचारात मुख्य मुद्दे कोणते होते आठवा. बैलगाडा शर्यती, कांद्याची निर्यात आणि चाकणची वाहतूक कोंडी. बैलगाडा शर्यतीची बंदी शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याची होती, तो मुद्दा गौण मानायचं कारण नाही. भोसरीचे गाववालेही त्यात पुढे होते. पण चाकणच्या कोंडीत रोज दोन तास घालवणारा कंत्राटी कामगार, ज्याचं नाव अजून लातूरच्या यादीत आहे, तो त्या प्रचारात कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

आता पुढचा हिशेब. २०११ ला शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाख झाली. त्याच वर्षीच्या राज्याच्या सरासरीने, म्हणजे आमदारामागे तीन लाख नव्वद हजार धरले, तर आताच शहराला चार जागा पुऱ्या होऊन वर उरतं. खासदारामागे सरासरी तेवीस लाख चाळीस हजार. चाकण-राजगुरुनगर-आळंदीचा पट्टा आणि तळेगाव धरलं तर हा औद्योगिक पट्टा एका खासदाराएवढा केव्हाच झालाय. चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्यानंतर पुनर्रचनेचं काम निघतं तेव्हा आयोग मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती आणि सूचना मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. त्या सुनावणीत गावकीचे, कारखान्यांचे, पक्षांचे लोक नकाशे घेऊन येतात. सोसायट्यांचे आणि कामगार संघटनांचे लोक तिथे सहसा दिसत नाहीत. आणि त्याआधीची, आणखी छोटी गोष्ट म्हणजे जनगणनेचा माणूस दारात येईल तेव्हा इथे राहणाऱ्याने इथेच मोजलं जाणं, आणि मतदार यादीत नाव इथे असणं.

वेळ झालाय. प्रश्न असतील तर घेऊ या. मागच्या रांगेतल्या काकांचा हात मघापासून वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.